डस्टरचा संशय

मित्रांनो, फळ्याखालच्या फळीवर खडूच्या भुकटीने पांढराफटक झालेला लाकडी ठोकळा दिसतो ना, तो मी. जुना डस्टर. एका सुताराने मला तासलं, त्याच्या बायकोने माझ्या पोटाला जाड कापड चिकटवलं, आणि मी या विद्यालयात आलो. इथे मोठी माणसं बाकांवर बसून शिकवायला शिकतात.

माझी वर्षं पुसण्यात गेली. कुणाचं उत्तर चुकलं की मी फिरायचो. फळा लख्ख झाला की गणिताचे जुने सर म्हणायचे, "वा! वर्ग असा हवा!" ते कौतुक माझंच, असं मी समजायचो.

मग बीजगणित कसं शिकवावं हे शिकवायला मोठ्या बाई आल्या. पहिल्याच तासाला कुणीतरी चुकलेली ओळ पुसायला मला उचललं, तर म्हणाल्या, "ठेवा तो खाली. घाई कसली?"

तेव्हापासून माझी त्यांच्यावर नजर होती. चुका फळ्यावर तशाच ठेवायच्या? यात नक्की काहीतरी डाव होता. एकतर मला अडगळीत टाकायचं असेल, नाहीतर शिकणाऱ्यांची चारचौघांत फजिती करायची असेल.

वर्गात सगळ्यात लहान होती तिला धाकटी म्हणायचे. तिलाही बाईंचा भरवसा नव्हता. सराव पाठात, म्हणजे खऱ्या मुलांना शिकवून दाखवताना, ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर शिक्षण बंद.

"दादा म्हणतो, या खेपेला जमलं नाही तर मुकाट्याने दुकानात बस," ती मैत्रिणीला सांगत होती. "आणि पाठ बघायला मोठ्या बाई. त्या गोड बोलायला लागल्या की मला धडकीच भरते."

"चुकलं काही, तर पटकन पूस. त्यांना लांबचं दिसतंय कुठे!"

पाठाच्या दिवशी शेजारच्या शाळेतली मुलं आली. बाई मागच्या बाकावर बसल्या. धाकटीने फळ्यावर ३x + ५ लिहिलं आणि विचारलं, "हे आणखी सोपं होईल का?" दोन वेण्यांची एक मुलगी ऐटीत पुढे आली आणि तिने ८x लिहिलं.

धाकटीने मला उचललं. मी तयारच होतो. पण तिने मला पुन्हा खाली ठेवलं.

"तुला आठ x का वाटलं गं?"

"तीन आणि पाच आठ. x आहेच सोबतीला."

"बरं, x च्या जागी एक घालून बघू."

तीन आणि पाच आठ. आठ एके आठ. दोन्ही उत्तरं जुळली!

"बघा! बरोबरच आहे माझं!" मुलगी म्हणाली. वर्गाने टाळ्या पिटल्या. धाकटीचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. आता दुकान.

धाकटी फळ्याकडे वळली. मग म्हणाली, "एकदा जुळलं म्हणून लगेच विश्वास ठेवायचा? दुसरी संख्या द्या."

"दोन!"

एकीकडे अकरा आले, दुसरीकडे सोळा.

"मग एकाला कसं जमलं?" मुलगी रागावून म्हणाली. मुलांची आपसांत जुंपली. त्या मुलीने मात्र दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. "अहो बाई! x एक असेल तरच पाच आणि पाच x सारखे होतात. एरवी नाही. मी पाचाला उगाच x चिकटवला!"

तेवढ्यात घंटा झाली. मुलं भांडतच बाहेर पडली.

"बाई, बाकीची उदाहरणं राहिलीच," धाकटी पुटपुटली. "गेले ना मी?"

बाईंनी तिला निरखलं. "एक ही संख्या मुद्दाम निवडलीस?"

"छे हो! सोपी म्हणून घेतली. मला तर घामच फुटला."

"मग पुसलं का नाहीस?"

"पुसलं असतं तर ती गप्प बसली असती. पण तिच्या डोक्यात आठ x तसाच राहिला असता."

बाई हसल्या. "पास. दादाला म्हणावं, दुकानाला दुसरं माणूस बघ."

मित्रांनो, आता माझं कापड विरलंय. मला भिंतीवर आपटू नका, धूळ हलक्या हाताने झाडा. आणि कुणाची चूक पुसायला मला उचललंत, तर आधी त्याला विचारा, त्याला तसं का वाटलं. मी थांबेन. ज्या वर्गाचा फळा कायम लख्ख असतो, त्या वर्गाचा मला हल्ली संशयच येतो.