मातीला गाडीनेच

मर्विन गेल्याचा फोन आला तेव्हा हेलन आधी रडली नाही, आधी कपाटाकडे गेली. काळी साडी इस्त्रीची नव्हती. मर्विन तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि कैक वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"चर्चमध्ये मिस्सा चारला आहे, आत्या," मर्विनचा मुलगा जॉयल फोनवर म्हणाला. "तोवर पेटी उघडीच ठेवतोय. तू ये."

भांडण पापडी गावातल्या वडिलोपार्जित वाडीवरून झालं होतं. गावची रीत अशी, की बाप गेल्यावर बहिणी सही करून हक्क सोडतात आणि त्या बदल्यात माहेर राखतात. हेलनने सही केली नाही. कायद्याने तिचं बरोबर होतं, पण कायदा काही माहेरी जेवायला वाढत नाही. वाटा मिळाला, तो विकून नायगावच्या टॉवरमध्ये फ्लॅट आला आणि खाली पार्किंगमध्ये पांढरी गाडी. वाटणीच्या दिवशी मर्विन विहिरीपाशी उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जा, वाडी विकून गाडीत बस. एक दिवस याच अंगणात रिक्षाने येशील." हेलनने तिथेच मनात पक्कं केलं, की या दारात पाय ठेवीन तर गाडीनेच, नाहीतर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून शाबूत होता.

दुपारी ती आणि नवरा ॲन्सेल्म खाली उतरले, तर गाडीचं मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं. पंक्चर.

"स्टेपनी आहे," ॲन्सेल्म म्हणाला. "आत्ता बदलतो." त्याने शर्ट काढून बॉनेटवर घडी घालून ठेवला आणि बनियनवर कामाला बसला. तीन बोल्ट पान्याने निमूट सैल झाले. चौथा लॉकचा होता. सोसायटीत कुणाच्या तरी गाडीची चाकं चोरांनी नेली आणि गाडी विटांवर उभी ठेवली, तेव्हापासून ॲन्सेल्मने प्रत्येक चाकाला असा एक बोल्ट बसवून घेतला होता. त्याच्या डोक्यावर नक्षीसारख्या खाचा असतात आणि त्याच खाचांची एक छोटी टोपी मिळते. ती टोपी हीच त्याची चावी. ती बसवल्याशिवाय पाना लागत नाही. दुकानदाराने घट्ट केलेल्या बोल्टवर ॲन्सेल्मचा भरवसा नव्हता. घरी आल्यावर तो पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला होता. "बापजन्मात कुणाला सुटणार नाही," असं तेव्हा तो कौतुकाने म्हणाला होता, आणि ते अगदी खरं ठरलं.

चावी लावून त्याने जोर केला. कच्चकन आवाज आला, पाना गर्रकन फिरला आणि बोल्ट होता तिथेच राहिला. चावीच्या आतले दात झिजून गुळगुळीत झाले होते, बोल्टच्या खाचाही गेल्या होत्या. ॲन्सेल्मने पुन्हा लावून बघितली, मग फडकं घालून, मग शिव्या घालून. हेलन बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या कृष्णाला बोलावलं. तो वाकून बघत म्हणाला, "याचं डोकं पार गेलंय, काका. पान्याचा थोडा लहान सॉकेट त्याच्यावर ठोकून बसवायला लागेल. बसला तर बसला. टाइम जाईल." मग त्याने हेलनच्या काळ्या साडीकडे पाहिलं. "कुणाच्या मयताला चाललाय काय? मग रिक्षा करा ना, काकी. गेटवर उभ्याच आहेत. गाडी मी करून ठेवतो."

ॲन्सेल्मने हात पुसत हेलनकडे बघितलं. "जायचं का? पुलावरून उमेळ्यामार्गे कितीसं लांब आहे!"

हेलनच्या डोळ्यांसमोर पापडीचं ते अंगण आलं. अंगणात मांडव, मांडवात सगळी भावकी, दारात मर्विनची बायको पॉलिन, आणि त्या सगळ्यांसमोर आपण रिक्षातून उतरून सुटे पैसे शोधतोय. मेला तरी जिंकला असता तो.

"नाही," ती म्हणाली. "गाडीनेच."

कृष्णाने सॉकेट ठोकला. हातोडीच्या घावांनी पार्किंग दणाणलं. पाना लावला तसा सॉकेट निसटून पडला. दुसरा ठोकला, तोही निसटला. तिसरा आणायला कृष्णा दुकानात गेला, तो गिऱ्हाइकात अडकून बऱ्याच उशिराने आला. मधे जॉयलचा फोन आला. "निघालोच," असं सांगून हेलनने तो ठेवला. ॲन्सेल्म कुठून तरी एक पाइप शोधून घेऊन आला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं 'नाही' त्याला ओळखू येत होतं.

तिसरा सॉकेट बसला. पान्याला लांब पाइप जोडून दोघांनी मिळून जोर लावला, तेव्हा बोल्ट एकदा किंचाळला आणि सुटला. कृष्णाने तो सॉकेटसकट खाली टाकला. हेलनला केवढा आनंद झाला! त्या दिवशी तिला आनंद झाला होता, हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

चाक चढवून निघाले तेव्हा चार वाजून गेले होते. सगळ्या वाटेने ती नवऱ्याला बोलत राहिली. पान्यावर नाचायला कुणी सांगितलं होतं? चाकं कोण नेणार होतं तुमची? ॲन्सेल्म मान हलवत गाडी चालवत होता.

पापडीत गल्लीच्या तोंडापासूनच गाड्या लागलेल्या. पुढे सायकल शिरायलाही जागा नव्हती. गाडी लांब, बाजाराच्या पलीकडे लावावी लागली आणि तिथून दोघं उन्हातून चालत आले. घराला कुलूप होतं. अंगणात मांडवाखाली नुसत्या खुर्च्या. गाडी कुणी पाहिलीच नाही.

ती सिमेट्रीत पोचली तेव्हा पेटी खाली गेली होती आणि लोक माती टाकत होते. तिने वाकून मूठभर माती उचलली आणि टाकली. पेटीच्या फळीवर आवाजसुद्धा झाला नाही, इतकी माती आधीच पडली होती.

"आत्या, एवढा उशीर?" जॉयलचे डोळे सुजले होते. "फादरना थांबवून ठेवलं होतं आम्ही. किती वेळ थांबवणार?"

"गाडी पंक्चर झाली," ॲन्सेल्म म्हणाला.

"मग रिक्षा नव्हत्या?"

हेलनने हाताची माती झटकली. ॲन्सेल्मने तिच्याकडे बघितलंही नाही. "माझीच चूक, बाळा. मीच म्हटलं, गाडीनेच जाऊ." आणि तो खाली बघत राहिला. त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं. हेलनने त्याला ते बोलू दिलं.

लोक पांगल्यावर पॉलिन जवळ आली. हेलन टोमणा ऐकायच्या तयारीने उभी होती. तिचा जबाबही तयार होता.

"वाट बघत होते गं ते," पॉलिन म्हणाली. "परवा मला म्हणाले, ते रिक्षाचं मी उगीच बोललो. आपल्या हेलनबायला लागलं असणार. आली की सांग तिला, म्हणाले." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणून झाकण लावू देत नव्हते मी."

हेलनला म्हणायचं होतं, वहिनी, रिक्षा गेटवर उभी होती. तेवढ्यात पॉलिनला जॉयलने हाक मारली आणि ती गेली.

परतताना बाजारातून जावं लागलं. नाक्यावर ओळीने रिक्षा उभ्या होत्या. "नायगाव का? बसा, काकी," एकजण म्हणाला. हेलन मान खाली घालून त्यांच्यासमोरून चालत गेली. ॲन्सेल्मने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं आणि ती आत बसली.