वाकड्या शेपटीचा टोळ

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. डोक्यावरून गेलो तरी घाबरू नका. मी कुणाच्या छपरावर पडणार नाही, कारण मला वजन नाही. मी संगणकात राहतो. विमान उडवण्याचे जे खेळ असतात, ज्यांना सिम्युलेटर म्हणतात, त्यांत काही विमाने मुळातच असतात आणि काही मागाहून कुणीतरी घरी बसून घडवतो. ती आपण आणायची आणि त्या खेळात बसवायची. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. मी त्यांतला. विमान म्हणवून घ्यावे की नाही, याची मला पुष्कळ वर्षे शंका होती. ती कशी फिटली, तेच सांगायचे आहे. सांगता येईल की नाही, कोण जाणे.

माझे नाव टोळ. ते मी एका खऱ्या विमानाकडून घेतले. गावाबाहेर एक लहान धावपट्टी होती आणि तिच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक हिरवे विमान उभे असे. दोन जागा, एक पंखा, लांब पाय, नाक वर. कोणत्याही क्षणी उडी मारील असे दिसे, म्हणून त्याला सगळे टोळ म्हणत. एके काळी त्याने डोंगरापलीकडच्या वस्त्यांना टपाल आणि औषधे पोहोचवली होती. ते चालवीत होती आत्या.

आत्या म्हणजे माझ्या ताईची आत्या. आणि ताई म्हणजे जिने मला घडवले ती. ताई दातांच्या कवळ्या करते. दिवसभर प्रयोगशाळेत बसून दाढा कोरायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन मला कोरायचे. भुवयांवर प्लास्टरची पांढरी धूळ तशीच असे. आत्या म्हणायची, "आधी तोंड धू. विमानाला दात फुटतील नाहीतर."

ताईने माझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, म्हणून सांगू. रविवार आला की टेप, ओळंबा आणि कॅमेरा घेऊन ती शेडमध्ये जायची. खऱ्या टोळाच्या पोटाखाली आडवी होऊन मापे घ्यायची. शेडचे मिस्त्री तिला चहा आणून देत आणि म्हणत, "ताई, विमान मोजताय की त्याला सदरा शिवताय?"

टोळाची डावी बाजू भिंतीला अगदी खेटून होती. तिकडे उंदीरसुद्धा अंग चोरून जायचा. म्हणून ताईने फक्त उजवी बाजू मोजली. आमच्या धंद्यात यात काही गैर नाही. अर्धे विमान करायचे, मध्ये जणू आरसा धरायचा, की उरलेले अर्धे आपोआप तयार होते. सगळे तसेच करतात.

माझा जन्म झाला तो दिवस मात्र हसण्यासारखा होता. ताईने मला पहिल्यांदा धावपट्टीवर ठेवले तेव्हा मी शेजारच्या इमारतीपेक्षा उंच होतो, कारण तिने फुटांचे आकडे मीटर म्हणून घातले होते. दुसऱ्या दिवशी आकार बरोबर आला, पण चाके जमिनीत गेली आणि मी भाताच्या रोपासारखा रुतून बसलो. तिसऱ्यांदा दार उघडायला गेली, तर दार बिजागरीवर न फिरता सगळ्या विमानाला प्रदक्षिणा घालू लागले. ताई खुर्चीत लोळून हसली. आत्या स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, "झालं का तुझं खेळणं?"

खेळणे. हा शब्द मला लागला. ताई तिला पुष्कळदा म्हणाली, "आत्या, एकदा बसून बघ ना. तुझाच टोळ आहे." आत्या म्हणे, "जिथे वारा नाही तिथे विमान कसलं, पोरी?" आणि ती वर्तमानपत्र उघडायची. मला वाटे, तिचे खरे आहे. वारा मी कधी अंगावर घेतलाच नव्हता.

पुढे ताईने मला जगापुढे ठेवले. फुकट. ज्याला हवे त्याने न्यावे. आणि मित्रांनो, लोकांनी नेले. एका बसचालकाने लिहिले, "दिवसभर बस चालवतो, घरी येऊन तुमच्या टोळात बसतो. यात मागून कुणी सुट्टे पैसे मागत नाही." पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या एका बाईने माझ्यातून आपल्या माहेरच्या गावावर चक्कर मारली. ताई असे निरोप आत्याला वाचून दाखवी. आत्या नुसते "हं" करी, पण वर्तमानपत्राचे पान उलटत नसे.

तक्रारीही आल्या. एकाने विचारले, फुकट दिलेत हे ठीक, पण काच पुसायचे फडके का दिले नाही. ते हसण्यावारी गेले. पण एक तक्रार सगळ्यांची होती. जोर लावला की मी डावीकडे ओढला जाई. ताईने पुष्कळ डोके खाजवले, आणि शेवटी माझ्या आकड्यांच्या फाइलीत एक आकडा टाकून ती ओढ बंद करून टाकली. मी सुतासारखा सरळ झालो. सगळे खूश झाले.

नंतर विकतची विमाने करणाऱ्या एका कंपनीने ताईला बोलावले. तिचा हात त्यांना आवडला होता. तिने त्यांच्यासाठी दोन इंजिनांचे एक चकचकीत विमान घडवले. त्यातला प्रत्येक खटका चालतो, प्रत्येक दिवा लागतो, पाऊस पडला तर काचेवर ओघळसुद्धा दिसतात. मला त्याचा हेवा वाटला नाही असे म्हणणे खोटे होईल. पण ते माझेच धाकटे भावंड होते, आणि ताईच्या कष्टाचे कुणी दाम मोजले तर त्यात वाईट काय? फक्त तिच्या संध्याकाळी त्याच्याकडे गेल्या. मग सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली आणि त्यात मी उघडेनासा झालो. ताई म्हणाली, "बघू पुढच्या महिन्यात." पुढचा महिना काही आला नाही. मी एका जुन्या डिस्कवर, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात, टेबलाच्या खणात जाऊन पडलो.

मग वादळ झाले.

शेडवर झाड कोसळले आणि छप्पर पेलणारी लोखंडी कैची खऱ्या टोळाच्या शेपटीवर आली. इंजिन शाबूत होते, पंख शाबूत होते, पण शेपटीचा चुरा झाला. धावपट्टीच्या व्यवस्थापकांना शेड मोकळी करायची होतीच. ते म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत उडालं तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला फोन करतो." मिस्त्रींनी सगळीकडे विचारले. टोळ बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता आणि त्याचे नकाशे कुणाकडेही नव्हते. शेपटीचा आकारच ठाऊक नाही, तर नवी शेपटी करणार कशी?

आत्याचे बोलणे बंद झाले. वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहू लागले. एकदा ताईने ताट पुढे ठेवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भंगारात जाताना मला सांगू नकोस."

ताई ताटावरून उठली ती थेट खणाकडे गेली. "आत्या," ती म्हणाली, "माझ्याकडे आहे तो. अख्खा आहे."

मिस्त्रींना हे काही पटेना. "खेळातल्या विमानावरून खऱ्याची शेपटी? मग चित्रातल्या विहिरीवर बादली घेऊन जाऊ की." पण दुसरा इलाजही नव्हता. ताईने माझी शेपटी आडवी-उभी कापून, तिच्या आकृत्या खऱ्या मापात कागदावर काढून दिल्या. मिस्त्रींनी खऱ्या शेपटीच्या शिल्लक राहिलेल्या एका तुकड्यावर कागद ठेवला. कडेला कड जुळली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बादली आणा."

त्यांनी लाकडाच्या फासळ्या कापल्या आणि सांगाडा उभा केला. मित्रांनो, माझ्यातून एक खरी वस्तू निघत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण धाकधूकही होती, कारण अर्धी शेपटी आरशातली आहे हे मला ठाऊक होते. ताईलाही होते. पण विमानाचे डावे-उजवे सारखेच असणार, यात तिला शंका घेण्यासारखे काही दिसले नाही.

शेपटी बसवायच्या आदल्या रविवारी दुपारी ताई मला नव्या सिम्युलेटरसाठी दुरुस्त करत बसली होती. मिस्त्री एक माप विचारायला आले होते. आत्या दोनदा खोलीतून गेली, दोनदा आली. मग म्हणाली, "ऊठ. बघू दे तरी."

तिने सपाता काढून बाजूला भिरकावल्या. "खेळण्यात बसायला बूट कशाला?" टेबलाखाली पायाने दाबायच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांवर तिने अनवाणी पाय ठेवले आणि मला उडवले.

मित्रांनो, तिचा हात किती हलका होता. मी एवढा नीट कधीच उडालो नव्हतो. एक चक्कर मारून ती खाली आली. ताईने भीत भीत विचारले, "कसा आहे?"

"दिसायला तोच आहे," आत्या म्हणाली. "पण न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. पायांना कामच नाही. अगं, टोळ असा नव्हता. चढताना उजवा पाय दाबावा लागायचा आणि उतरताना डावा. सरळ जाताना मात्र पाय सैल सोडले तरी चालायचं."

"सुरुवातीला हा डावीकडे ओढायचा," ताई म्हणाली. "ते मी काढून टाकलं."

"काढलंस कशाला? ओढणारच. पंखा फिरला की नाक डावीकडे जाणारच. त्यासाठी तर शेपटीवरचा उभा पंख जरासा वाकडा बसवलेला होता. सरळ जाताना दोन्ही ओढी एकमेकींना मारून टाकायच्या."

मिस्त्री जागच्या जागी ताठ झाले. "वाकडा? कुठल्या बाजूला?"

"पुढची कड किंचित डावीकडे."

"अहो आत्याबाई, तो पंख ज्यावर बसतो ना, तो लोखंडी ठोकळा विमानाच्या अंगावर तसाच शिल्लक आहे. डावीकडे सरकलेला. मला वाटलं, वादळाने हलवला. उद्या ठोकून सरळ करणार होतो मी. यांच्या चित्रात सरळ आहे ना."

आत्या ताईकडे वळली. "लोकांच्या तोंडात डावी दाढ उजवीसारखी बसवतेस का कधी?"

"नाही," ताई म्हणाली. "कुणाचंच तोंड दोन्हीकडे सारखं नसतं."

"आणि विमानाला मात्र आरसा लावलास."

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. मग मिस्त्री हसले, आणि कितीतरी दिवसांनी आत्या हसली. "कुत्र्याच्या शेपटाला लोक उगीच नावं ठेवतात," ती म्हणाली. "काही शेपट्या वाकड्याच बऱ्या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ठोकळ्यावरचा चिखल खरवडला. खाली कारखान्याचा जुना रंग होता, कुठेही न तडकलेला. वादळाने त्याला बोटही लावले नव्हते. मग माझ्या आकाराची शेपटी आत्याच्या वाकडेपणाने बसवली गेली.

उन्हाळ्याच्या आधीच खरा टोळ उडाला. मिस्त्रींची मुलगी विमान चालवायला शिकवते. ती एका जागेवर बसली आणि दुसऱ्या जागेवर, तेल लावून चकचकीत केलेले जुने बूट घालून, आत्या. आकाशात गेल्यावर मुलीने हात मांडीवर ठेवले आणि विमान आत्याच्या हाती दिले, असे मी ऐकले. व्यवस्थापकांनी भंगारवाल्याला फोन केला नाही. उलट टोळाबरोबर फोटो काढून घेतला.

ताई धावपट्टीच्या कडेला उभी होती. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून तिने माइकवर लोकरी मोजा चढवला होता. टोळाच्या इंजिनाचा आवाज टिपून तिने माझ्यात भरला. आता माझे इंजिन बंद करून क्षणभर थांबलात, तर शेवटी कुणीतरी हसलेले ऐकू येते. ती आत्या आहे. ताईने ते मुद्दाम कापले नाही.

आणि तो गुपचूप टाकलेला आकडा तिने काढून टाकला. माझी शेपटी वाकडी केली. मी नव्या सिम्युलेटरमध्ये पुन्हा उडू लागलो, आणि अजून फुकटच आहे. "हा पाय दाबावा लागतो" अशी तक्रार आली, की ताई उत्तर देते, "हो, लागतो." विकतचे भावंडही मजेत आहे. त्याच्या काचेवर अजून पाऊस ओघळतो.

मित्रांनो, तुमच्याही खणात कुणीतरी जीव ओतून केलेली एखादी वस्तू पडून असेल. तिला अधूनमधून बाहेर काढत जा. कुणी आपल्या संध्याकाळी देऊन काही फुकट दिले, तर खोड काढण्याआधी दोन शब्द बरे लिहा. आणि एखादी वाकडी गोष्ट ठोकून सरळ करण्यापूर्वी ती वाकडी का आहे, ते कुणाला तरी विचारा. मी काही मोठा उपदेश करणारा नव्हे. अर्धे अंग आरशातले असलेल्याने बोलावे तरी किती?

पण विमान म्हणवून घ्यावे की नाही, ही शंका आता उरलेली नाही. पहिल्या उड्डाणानंतर काही दिवसांनी बाहेर धुके होते आणि खरा टोळ शेडमध्येच होता. आत्या आतल्या खोलीतून आली आणि माझ्यापुढे बसली. टेबलाखाली मला काही दिसत नाही, पण पट्ट्यांवर पाय पडले तेव्हा कळले.

तिने बूट घातले होते.

तुम्हीही या. पैसे पडत नाहीत. फक्त पायांत बूट घालून या.