थ्रू प्रॉपर चॅनेल विंबल्डन

अलकनंदा निगुडकर दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवत असे आणि वर्षातले पन्नास आठवडे अगदी शहाण्यासारखी वागत असे. उरलेले दोन विंबल्डनचे. त्या दिवसांत घरात वरण-भातावर भागवावं लागे आणि पाहुणा आलाच तर त्यालाही टीव्हीसमोर गप्प बसावं लागे. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दूरदर्शन दाखवेल तेवढंच पाहायला मिळायचं. नोएडात सोसायटीचा फ्लॅट झाला, केबल आली आणि बाईंची चंगळ झाली.

हे वेड तिने माहेरून आणलं होतं. वडील सांगलीला ड्रिलमास्तर होते. क्लबातल्या साहेबलोकांच्या रॅकेटी ते घरी आणून विणून देत. विणून झाली की तार अंगठ्याने छेडायची, कानाशी न्यायची आणि "झाली" म्हणायचं. मास्तरांच्या मुलीला क्लबात कोण खेळू देणार? ती कुंपणाबाहेर उभी राहून नुसता चेंडूचा आवाज ऐकायची. वडिलांच्या हातची रॅकेट आपल्याला आवाजावरून ओळखू येते, असं ती आजही शपथेवर सांगे. टीव्हीवर तो आवाज नीट येत नाही, मध्ये समालोचक बडबडत असतो. एकदा कुंपणाच्या आत, हिरवळीच्या कडेला बसून तो आवाज ऐकायचा, एवढीच तिची हौस होती.

ती पुरी होण्याची चिन्हं दिसली ती भावाच्या मुलामुळे. अनुरागला त्याच्या कॉम्प्युटर कंपनीने दोन वर्षांसाठी लंडनला पाठवलं होतं. सप्टेंबरात त्याचं पत्र आलं. पुढच्या ऑगस्टात मी परत येणार, त्याआधीच्या विंबल्डनला आत्या आणि काकांनी यावं, राहायला माझी खोली आहे. लंडनच्या हॉटेलात राहणं निगुडकरांना या जन्मी जमणारं नव्हतं. म्हणजे जायचं तर याच विंबल्डनला, नाहीतर टीव्ही आहेच. तिकिटांची सोडत निघते, तिचा छापील अर्जही त्याने सोबत पाठवला होता. तो डिसेंबर संपायच्या आत तिथे पोचायला हवा होता.

भालचंद्रराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. पत्र वाचून होताच त्यांनी फाईल उघडली. वर सुवाच्य अक्षरात 'विषय: विंबल्डन प्रवास' आणि त्याखाली 'अर्जदार: भा. वि. निगुडकर'. अनुरागच्या पत्राला खुणेची पताका 'अ', लंडनच्या नकाशाला पताका 'ब'. अलकनंदा त्यांना म्हणाली, आता तेवढा माझ्या उत्साहालाही एक क्रमांक द्या. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

अर्ज तिनेच भरला. नावाच्या रकान्यात तिने विचारही न करता नवऱ्याचं नाव घातलं. गॅस, फोन, रेशनकार्ड, फ्लॅट, सगळं त्यांच्याच नावावर होतं, मग विंबल्डनने काय पाप केलं? नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात भालचंद्ररावांनी तो बॅगेत ठेवला आणि म्हणाले, पोचला समज.

फेब्रुवारी गेला. ती रोज शाळेतून आली की आधी खालची पत्रपेटी उघडून बघायची. सोडतीत नाव लागलं नाही असंही कोणी कळवेना. मार्चमध्ये एका संध्याकाळी भालचंद्रराव काखेत ऑफिसची फाईल घेऊन घरी आले आणि बूटही न काढता खुर्चीत बसले.

त्यांनी अर्ज पोस्टात टाकलाच नव्हता. सरकारी नोकराने परदेशी संस्थेशी परस्पर पत्रव्यवहार कसा करायचा? म्हणून एक पत्र टाईप करून त्यांनी तो थ्रू प्रॉपर चॅनेल, म्हणजे रीतसर वरिष्ठांमार्फत पाठवला होता. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. टेनिस हा विषय आपला की दुसऱ्या मंत्रालयाचा, अशी कोणी शंका काढली. दुसऱ्या मंत्रालयाने महिनाभर विचार करून आपलं काही म्हणणं नसल्याचं कळवलं. तोवर जानेवारी संपला होता. अर्जावर अकरा सह्या होत्या आणि विंबल्डन सोडून बाकी सगळ्यांचे शिक्के होते.

"अहो, लोक असली पाकिटं पोस्टाच्या लाल पेटीत टाकतात," अलकनंदा म्हणाली.

"मला वाटलं, उद्या कोणी विचारलं तर..."

"कोण विचारणार होतं?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटता लाटता रडली. राग नवऱ्याचा होताच, पण त्याहून स्वतःचा होता. आपली हौस, आपण भरलेला अर्ज, आणि नाव मात्र दुसऱ्याचं का घातलं? दोन दिवस त्या घरात भाजी वाढू का आणि गीझर बंद केला का, याच्यापलीकडे बोलणं झालं नाही.

रविवारी अनुरागचा फोन आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो हसायलाच लागला. सोडतीत नाव नाही लागलं तरी रोज दारावर तिकिटं मिळतात, फक्त पहाटेपासून रांगेत उभं राहायचं. मात्र माणशी एकच तिकीट, ज्याचं त्याने उभं राहायचं, पिशवी ठेवून जागा धरलेली चालत नाही. अलकनंदाने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांची पाठ ताठ झाली.

"लाईन? म्हणजे नुसती लाईन लावायची?"

दिल्लीतल्या सत्तावीस वर्षांत हा माणूस दुधाच्या बूथवर टोकन घेऊन उभा होता, रॉकेलसाठी उभा होता, गॅसच्या नंबरसाठी, रेल्वेच्या रिझर्वेशनसाठी, स्कूटरच्या बुकिंगसाठी उभा होता. आता काळ बदलला होता. दूधवाला दारात यायचा, फोन लावून द्यायला कंपनीची माणसं मागे लागायची, आणि नोएडात तर उभं राहायला एक धड लाईन उरली नव्हती. आयुष्यभर कमावलेली विद्या वाया चालली होती, ती एकदम लंडनला उपयोगी पडणार होती.

पहाडगंजच्या घाऊक बाजारातून दोन घडीची स्टुलं आली, मोठा थर्मास आला. दशम्या किती दिवस टिकतात याचा प्रयोग झाला. दर रविवारी सकाळी दोघं सोसायटीच्या गेटाशी चार तास उभं राहण्याचा सराव करू लागली. पहिल्याच रविवारी शेजारच्या विजयालक्ष्मी दोन बादल्या घेऊन त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि बघता बघता मागे सात माणसं झाली. भालचंद्ररावांनी शेवटच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "टँकर आ रहा है ना, भाईसाहब?" त्या दिवशी अलकनंदा खूप दिवसांनी पोट धरून हसली.

मध्ये तिचा पासपोर्ट आला. फक्त तिच्या नावाचा असा घरातला हा पहिलाच कागद. शाळेत तिने तो स्टाफरूमभर फिरवला.

एकच गोष्ट अडली होती. भालचंद्ररावांना देशाबाहेर जायला ऑफिसची परवानगी हवी होती. त्यांनी एप्रिलमध्ये अर्ज दिला, मे अर्धा उलटला तरी पत्ता नव्हता. पुन्हा तीच टेबलं, त्याच अकरा सह्या. अखेर एका सकाळी अलकनंदा म्हणाली, "तुमचं पत्र नाही आलं तर मी एकटी जाईन. मला वाईट वाटेल, पण मी जाईन."

"जायलाच हवं," ते म्हणाले, आणि घडीचं स्टूल उचलून बाहेर पडले.

संध्याकाळी ते परतले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. परवानगीचं पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. स्वतःची फाईल स्वतः पुढे ढकलायची नाही, हे त्यांचं तत्त्व सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आज त्यांनी रजा टाकली होती आणि रजेच्या दिवशी ऑफिसला जाऊन, हातात फाईल धरून, एकेका साहेबाच्या दाराबाहेर स्टूल मांडून बसले होते.

"सगळ्यांनी केल्या सह्या?" तिने विचारलं.

"अकरा. जॉइंट सेक्रेटरी म्हणाले, निगुडकर जी, आप और लाईन में? मी म्हटलं, सर, प्रॅक्टिस कर रहा हूँ." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "नोव्हेंबरातच करायला हवं होतं गं हे."

हात मोकळे नकोत म्हणून तिने पत्र लावायला घरातली फाईल ओढली. मुखपृष्ठावर 'अर्जदार'च्या पुढचं नाव सरळ रेघ मारून खोडलेलं होतं आणि बाजूला त्याच दिवसाची तारीख घालून रीतसर सही केलेली होती. त्याखाली त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'श्रीमती अलकनंदा निगुडकर. सोबत: पती, एक.'

तिने ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत.

"आता व्हिसा राहिला," भालचंद्रराव बूट काढत म्हणाले. "तिथेही मोठी लाईन असते म्हणे."

"उद्या दोघं जाऊ," ती म्हणाली, आणि दोन्ही स्टुलं दाराशी नेऊन ठेवली.