ट्रायलिस्टचा चौथा सामना

इन्व्हरलेदन थिसल या क्लबाच्या सेक्रेटरी एफी डॅलगार्नो यांच्या हातून एकोणीस वर्षांत एकच चूक झाली होती, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नव्हती. एवढ्यावर दुसरी बाई निवांत चहा पीत बसली असती. एफीबाईंना मार्चपासून एका जागी बसवत नव्हतं.

खालच्या विभागातल्या क्लबांना एक सवलत असते. नोंदणी न झालेला माणूस तीन सामने आजमावून बघता येतो. सामन्याच्या संघयादीत त्याचं नाव लिहीत नाहीत, नुसतं ‘ट्रायलिस्ट’ लिहितात. गोलकीपर गॅविन स्केन नोव्हेंबरात असाच आला. आठवडाभर तो मासळीच्या शीतगृहात वायरिंग करायचा आणि शनिवारी गोलात उभा राहायचा. थिसलकडे सही करू की आपल्या जुन्या क्लबात राहू, हे त्याचं ठरत नव्हतं. गावाला मात्र तो इतका आवडला, की गोलमागचे म्हातारे ‘ट्रायलिस्ट, पुढे ये रे’ असं खुशाल ओरडायचे. आज त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ते तसंच ओरडतात.

त्याचा दुसरा सामना होता किलमॅरी रोव्हर्सशी. समुद्रावरून धुकं आलं, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला रेफरीने सामना सोडून दिला आणि किलमॅरीने केलेले दोन गोल पुसले गेले. गोल पुसले म्हणजे सामनाच पुसला, असं एफीबाईंनी धरलं आणि गॅविनला आणखी दोनदा बिननावाचा खेळवला. त्यातला शेवटचा सामना थिसलने एक-शून्य जिंकला. गॅविनने त्यात पेनल्टी अडवली. सोमवारी त्याने सही केली.

मार्चमध्ये लीगचं परिपत्रक आलं. दुसऱ्याच एका क्लबाची काही भानगड झाली होती, म्हणून सगळ्यांना बजावून सांगितलं होतं: अर्धवट सोडलेल्या सामन्यात जो मैदानात उतरला तो खेळला असंच धरायचं; ट्रायलिस्ट चौथ्यांदा उतरवला तर त्या सामन्याचे गुण जातील.

एफीबाईंनी बोटांवर मोजलं. मग कॅलेंडरवर मोजलं. दोन्हीकडे चारच आले.

चेअरमन फर्गस टॉश यांचं नळाच्या सामानाचं दुकान होतं. एफीबाई तिथे गेल्या तेव्हा ते गिऱ्हाइकाला वॉशर शोधून देत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं.

“हे तू वाचलंस कशाला?” फर्गस म्हणाले.

“मी नाही वाचायचं तर कोणी वाचायचं?”

“बाकीच्या नऊ क्लबांत कोणी वाचलं नसेल बघ. एफी, त्या दिवशी रेफरीला स्वतःचे बूट दिसत नव्हते. गॅविन गोलात होता हे गॅविनच्या आईलासुद्धा छातीठोक सांगता येणार नाही.”

“यादीवर माझी सही आहे.”

“आणि तळाला आलो तर? नव्वद वर्षं लीगमध्ये आहोत आपण. तळाला गेलं की खालच्या लीगच्या विजेत्याशी प्लेऑफ खेळायचा. हरलो की लीगमधून बाहेर. मग पुढच्या वर्षी गाई हाकलून खेळायचं कुठल्या तरी कुरणात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कोणी विचारलंय का तुला?”

कोणीही विचारलं नव्हतं. तेच तर एफीबाईंना टोचत होतं.

त्यांनी घरी जाऊन लीगला पत्र लिहिलं, वर तारीख घातली, तिकीट लावलं आणि पाकीट न चिकटवता पर्समध्ये ठेवलं. मनाशी ठरवलं ते असं: थिसल तळापासून दुसरी, तळाला किलमॅरी, मध्ये अंतर एका गुणाचं. सामने सात राहिलेत. हे अंतर चारावर गेलं की पत्र टाकायचं. तीन गुण कापले तरी क्लब वाचेल आणि आपला जीवही हलका होईल. म्हणजे सचोटीने वागायचं होतं. फक्त नुकसान न होता वागायचं होतं.

तेव्हापासून एफीबाई स्टँडमधल्या आपल्या खुर्चीवर बसेनाशा झाल्या. खुर्चीवर त्यांची घोंगडी तेवढी असायची, आणि त्या मैदानाच्या कठड्यालगत फेऱ्या मारायच्या. हातात फोन, फोनवर किलमॅरीचा स्कोअर. मैदान राखणारा वॉटी एकदा म्हणाला, “एफी, केव्हाची वॉर्मअप करतेयस. बदली म्हणून उतरवायचंय का तुला?”

“तुझ्या डाव्या बॅकपेक्षा बरी पळेन.”

“त्याच्यापेक्षा कोपऱ्यातला झेंडासुद्धा बरा पळतो.”

दर शनिवारी पत्रावरची तारीख खोडून पुढची घातली जायची. एप्रिलच्या मध्याला थिसलने लागोपाठ दोन सामने जिंकले आणि अंतर खरोखरच चार झालं. एफीबाई टपालपेटीपर्यंत गेल्या. तिथे त्यांना आठवलं, की किलमॅरीचा एक सामना शिल्लक आहे. पाच झाले की टाकू, म्हणून त्या परत फिरल्या. बुधवारी किलमॅरीने तो सामना जिंकला. अंतर एकावर आलं. पेटीपासून घरापर्यंतचं दीडशे पावलांचं अंतर त्या पुढे कित्येकदा मनात चालल्या.

शेवटचा शनिवार उजाडला तेव्हा अंतर दोनाचं होतं आणि सामना घरच्या मैदानावर होता, किलमॅरीशीच. गावाला बरोबरी पुरेशी होती. तीन गुण जाऊनही वाचायचं तर एफीबाईंना जिंकायला हवं होतं, आणि हे त्या कोणाला सांगू शकत नव्हत्या.

मध्यंतराआधी थिसलने गोल केला. एफीबाईंनी मार्चनंतर पहिल्यांदा मैदानावरचं मटणाचं पॅटिस खाल्लं, सॉस घालून, चवीने. पाऊण तास असाच गेला असता तर. पंचाऐंशीव्या मिनिटाला किलमॅरीचा कॉर्नर आला, गॅविनने मूठ मारली, चेंडू त्यांच्याच माणसाच्या गुडघ्यावर आदळून आत गेला. एक-एक. तेवढ्यावर सामना संपला.

लोक मैदानात धावले. थिसल वाचली होती. फर्गस कठड्यावरून उडी मारायला गेले आणि पॅंट अडकल्यामुळे तिथेच लटकत हसत राहिले. गॅविन एफीबाईंजवळ आला. “मिसेस डी, तो गोल माझ्यामुळे गेला. पण चाललं ना?”

“चाललं,” एफीबाई म्हणाल्या.

सामन्यानंतर पाहुण्या कमिटीला चहा द्यायचा, आणि तो यजमान सेक्रेटरीने स्वतः ओतायचा, ही तिथली रीत. किलमॅरीचे सेक्रेटरी पिटकेथली खोलीत एकटेच बसले होते. त्यांची बाकीची माणसं बसमध्ये जाऊन बसली होती. उंच, वाकलेला गृहस्थ, टाय घट्ट.

“अभिनंदन, मिसेस डॅलगार्नो,” ते म्हणाले. “आम्ही जातो प्लेऑफला. मी पुढच्या वर्षी सोडतोय हे काम. नव्या मुलीला सांगितलंय, यादी कशी भरायची ते इन्व्हरलेदनच्या बाईंकडून शिक.”

टोमणा असता तर एफीबाईंनी परतवला असता. तो टोमणा नव्हता. त्यांनी किटली खाली ठेवली, पर्स उघडली आणि पाकीट त्यांच्या बशीशेजारी ठेवलं.

“लीगला आहे. तुम्ही आधी वाचा.”

पिटकेथलींनी चष्मा बदलला. एकदा वाचलं, मग वरच्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिथे सहा तारखा खोडलेल्या होत्या आणि सातवी शाबूत होती, आजची.

“पहिल्या तारखेला आलं असतं,” ते सावकाश म्हणाले, “तर आज आम्हाला बरोबरी पुरली असती. शेवटची पाच मिनिटं माझ्या पोरांनी जीव खाऊन पळायचं काही कारण नव्हतं. एकाचा पाय मुरगळलाय.”

“हो.”

“मोजून पाहत होतात.”

“हो. चार होण्याची वाट बघत होते.”

त्यांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. “हे तुम्हीच टाका. मी टाकलं तर तक्रार होईल.” मग कप पुढे केला. “अर्धाच. बस थांबलीय.”

टपालपेटी फाटकाबाहेरच होती. या वेळी एफीबाई थांबल्या नाहीत. थांबलं की आपण मोजायला लागतो, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. पाकीट आत पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. फर्गसना सांगायचं होतं. गॅविनला सांगायचं होतं. मागे क्लबातून गाण्यांचा आवाज येत होता, आणि तिकडे जायला त्यांचे पाय तयार नव्हते.

मैदानावर वॉटी शिडीवर चढला होता. सामने संपले की त्याच संध्याकाळी जाळ्या उतरवायच्या आणि सोमवारी गवताचं बी टाकायचं, हा त्याचा दरवर्षीचा क्रम. एका गोलची जाळी उतरून ढिगात पडली होती. दुसरीचे आकडे तो एकेक करून सोडवत होता.

“वॉटी, ती राहू दे.”

“का? भिजेल.”

“भिजू दे. आणि ती पहिली परत लाव.”

वॉटी शिडीवरून खाली बघत राहिला. “कोण खेळणार आहे?”

“आपणच,” एफीबाई म्हणाल्या, आणि ढिगातल्या जाळीचं टोक शोधायला वाकल्या.