चौथ्या खंडाची पाठ

तुम्ही ते काम त्याच्याच हातून करवून घेतलंत. बाहेर कापणारे मिळत नव्हते अशातला भाग नाही. पण ज्याने शिवलं त्यानेच कापलं, की तुम्हाला अहवालात 'उपलब्ध मनुष्यबळाचा वापर' असं लिहिता येतं. वरच्या मजल्यावर त्या कागदावर सही ठोकायला तुम्हाला किती वेळ लागला असेल? खाली तळघरात खळकाका त्या सहीपायी बावीस दिवस कापत होता.

कटिंग मशीनच्या जबड्यात पुस्तक पाठीकडून सरकवायचं, वरचा दाब आवळायचा, दांडा ओढायचा. पाव इंच पाठ दोऱ्या-पुठ्ठ्यासकट ट्रेमध्ये पडायची आणि हातात राहायची नुसती सुटी पानं. स्कॅनरला सुटीच पानं लागतात. अडतीस वर्षं खळकाका या ग्रंथालयात पुस्तकं बांधत होता. अंगाला कायम मैद्याच्या खळीचा वास, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

निमित्त चांगलंच होतं. दर शुक्रवारी चार वाजता ऑनलाइन कार्यक्रम: कधी जर्मन इतिहास, कधी कला, कधी भाषा. घरबसल्या, फुकट, कुणीही यावं. त्यासाठी जर्मन विभागाची दोनशे चाळीस पुस्तकं पडद्यावर हवी होती. खळकाकाने दोनशे एकोणतीस कापली आणि हात थांबवला.

सोमवारी सकाळी प्रकल्पाचे साहेब जिना उतरून खाली आले. वयाने तरुण, बोलायला गोड.

"काका, अकरा राहिली."

"ती कापायची नाहीत, साहेब."

"का? सोन्याची आहेत?"

"त्यांच्या पाठीत पत्रं आहेत."

साहेबांनी फोन खिशात ठेवला. म्हणजे आता ते ऐकणार होते, निदान दोन मिनिटं.

खळकाका नोकरीला लागला तेव्हा विशीतला होता आणि ग्रंथालयात येणारा एक म्हातारा ज्यू घड्याळजी पंचाहत्तरीचा. हा घड्याळजी तरुणपणी जर्मनीतून जीव मुठीत धरून निघाला, बोटीने इथे आला आणि इथलाच झाला. ट्रंकेत कपडे कमी होते, जर्मन कलेच्या इतिहासाचे हे अकरा खंड जास्त. म्हातारपणी त्याने ते ग्रंथालयाला दिले. पार खिळखिळे झालेले. ते नव्याने बांधताना तो रोज तळघरात येऊन स्टुलावर बसायचा. फर्म्यांचा, म्हणजे घडी घालून शिवायच्या पानांच्या जुड्यांचा, क्रम चुकू नये म्हणून त्याने या पोराला ती काटेरी छापील जर्मन अक्षरं एकेक करून शिकवली. चुकलं की हातावर चिमटा मारायचा, घड्याळाचा, बारीक.

पाठीला अस्तर लावायची वेळ आली. अस्तर म्हणजे शिवणीवर खळीने चिकटवायचा कागद. त्याला रद्दीच वापरतात. घड्याळजीने कोटाच्या आतल्या खिशातून दोन पत्रं काढली.

"हे लाव."

"पत्रं आहेत, आजोबा."

"बहिणीची. शेवटची दोन. त्यानंतर ती नाही, आई नाही, घर नाही. माझ्यामागे माझी खोली रिकामी करतील, तेव्हा कागद बाहेर जाणार. पुस्तक कुणी टाकत नाही."

"कापावी लागतील पण."

"दोन ओळींच्या मधून काप. ओळ मोडू नको."

एकेका खंडाच्या पाठीत सहा-सात ओळी बसल्या. क्रमाने. पहिल्या खंडात पहिल्या पत्राची सुरुवात, अकराव्यात दुसऱ्याचा शेवट. पोराला तेव्हा ते हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. घड्याळजीने वाचून दाखवलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. फक्त सरसाऐवजी मुद्दाम पातळ खळ वापरली. खळ पाण्याने सुटते. कधी काळी कुणाला बघावंसं वाटलं तर.

साहेबांनी ऐकून घेतलं. मान हलवली.

"छान गोष्ट आहे, काका. पण पाठ काही स्कॅनमध्ये येत नाही. यादीत फक्त मजकूर लिहिलाय."

"तोही मजकूरच आहे."

"या शुक्रवारी याच अकरा खंडांवर कार्यक्रम आहे. परदेशातून पाहुणे जोडले जाणारेत. मी त्यांना काय सांगू, आमचे बाइंडर रुसलेत?"

"एका खंडाला एक दिवस द्या. ओलं फडकं ठेवून अस्तर सोडवून घेतो. मग खुशाल कापा, मीच कापून देतो."

"म्हणजे अकरा दिवस."

"ती बाई ऐंशी वर्षं थांबलीय, साहेब. तुमचे पाहुणे आठवडाभर थांबतील."

साहेब हसले. "तुम्ही पण ना काका," म्हणाले आणि जिना चढून गेले.

ते हसणं त्याने होकार धरलं. अडतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाने साहेबाच्या हसण्यावर विसंबावं? पण विसंबला. सोमवारी पहिला खंड, मंगळवारी दुसरा, बुधवारी तिसरा. फडकं भिजवायचं, पिळायचं, पाठीवर पसरायचं, वाट बघायची. मग हाडाच्या पट्टीने कागद उचलायचा, श्वास रोखून. एकोणीस ओळी निघाल्या. शाई थोडी फुटली होती, ओळ एकही मोडली नव्हती.

गुरुवारी त्याला शाखेत पाठवलं. तिथलं हजेरीचं रजिस्टर म्हणे सुटलं होतं. सुटलं होतं खरं, चार टाके. दुपारी तो परतला तेव्हा टेबलावर आठ गठ्ठे होते, पानं सरळ, रबरबँड लावलेले. कंत्राटदाराचा माणूस हात पुसत होता.

"पाठी कुठायत?"

"कसल्या पाठी?"

"यातून कापून निघाल्या त्या."

"तो कचरा होय? गाडी आली होती मघाशी. गोण्या गेल्या."

"कुठे गेली गाडी?"

"आता ते मला काय ठाऊक, काका? मला पानं मोजून द्यायला सांगितली होती. मोजून घ्या, एक कमी निघणार नाही."

खळकाका त्याच्यावर ओरडला नाही. त्या माणसाचा काय दोष? त्याने ट्रेमध्ये हात फिरवला. ट्रे पुसून स्वच्छ केलेला होता.

शुक्रवारी चार वाजता मुलीने त्याला फोनवर कार्यक्रम लावून दिला, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. पडद्यावर चौकोनच चौकोन. विषय: 'विस्थापितांची पुस्तकं'. पहिलं पान सरकलं, दुसरं सरकलं; चित्रं सुरेख आली होती, हे त्यानेही कबूल केलं. वक्ते चांगलं बोलले. ज्या घरांतून ही पुस्तकं निघाली त्या घरांचं काय झालं, ते बोलले. ज्यांचा शब्दही मागे उरला नाही त्यांच्यासाठी आपण एक मिनिट स्तब्ध राहू, म्हणाले. सगळ्यांचे माइक तुम्ही आधीच बंद करून ठेवले होते. स्तब्धता पाळायला कुणालाच कष्ट पडले नाहीत.

"बाबा, खाली प्रश्न लिहायची जागा आहे," मुलगी म्हणाली. "सांगा, मी टाइप करते."

"लिही. आठ खंडांच्या पाठीत एका बाईची पत्रं होती. काल कापली. ती कुठे आहेत?"

"एवढंच?"

"एवढंच."

सूत्रसंचालिकेने वरचे तीन प्रश्न वाचले. चौथ्यापाशी ती अडखळली, बाजूला कुणाकडे तरी पाहिलं. "एक तांत्रिक स्वरूपाचा प्रश्न आलाय, तो आपण नंतर घेऊ." मग आभार. मग दोन मिनिटं संगीत. मग पडद्यावर पाच चांदण्या आल्या: कार्यक्रम कसा वाटला?

"किती देऊ?" मुलीने विचारलं.

"राहू दे. बंद कर."

सोमवारी त्याने अर्ज दिला. आवक टेबलावरच्या बाईने विचारलं, "विषय काय टाकू?"

"हरवलेल्या पत्रांचा शोध."

"तुमची होती का पत्रं?"

"सांभाळायला दिली होती."

तिने शिक्का मारून पोच दिली. पुढे तो दर पंधरवड्याला चढून वर जात राहिला. साहेब बैठकीत. साहेब रजेवर. साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी कानावर हात ठेवले. चौकशी चालू आहे, असं दोनदा लेखी आलं. मधल्या काळात तो निवृत्त झाला. निरोपाला त्याला शाल दिली आणि त्याच्या कलेबद्दल बोललं गेलं.

बुधवारी मात्र तो फोनसमोर बसायचा. शुक्रवारखेरीज तुमचाच एक बुधवारचा वर्ग होता, जुनं जर्मन हस्ताक्षर कसं वाचावं. शिकवणाऱ्या बाई मनापासून शिकवायच्या. सगळाच दोष तुमच्या माथी मारायचा नाही; हे एक तुम्ही चांगलं केलंत. सहा महिने गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो रेघोट्या गिरवत होता.

एकदा बाई म्हणाल्या, "काका, तुमचा कॅमेरा खाली वळलाय. टेबल दिसतंय."

"टेबलच दाखवायचंय, बाई."

काचेखाली एकोणीस पट्ट्या एकाखाली एक लावल्या होत्या. त्याने पट्टीने एकेक ओळ दाखवत वाचायला सुरुवात केली. अडला तिथे बाईंनी सांगितलं, मराठीत अर्थही लावून दिला.

कोळसा वेळेवर येत नाही. जिन्यातला दिवा काढून नेलाय, पण पायऱ्या पाठ आहेत. शिकवणीच्या मुली येत नाहीत, पियानो दिला, खोली किती मोठी आहे हे आता कळलं. तुझा थंडीचा कोट उसवला होता, तो नीट करून ठेवलाय. तिकडे थंडी नसते म्हणतोस, तरी ठेवलाय. आम्हाला सामानाची यादी करायला सांगितलीय, एकेकीला एकच पेटी. मी आईला विचारलं काय घेऊ, आणि आई म्हणते की

एकोणिसावी ओळ इथे संपते. बाई पुढच्या पट्टीची वाट बघत राहिल्या.

"पुढचं चौथ्या खंडात होतं," खळकाका म्हणाला.

तो रोज सकाळी त्या काचेवरची धूळ पुसतो. अर्जाला चौदा महिने झाले. पोच त्याच्याकडे आहे, तारखेसकट, तुमच्या शिक्क्यासकट. चौकशी चालू आहे हे उत्तर नव्हे. बदली झाली हे उत्तर नव्हे. ती गाडी कुणाची होती, गोण्या कुठे रिकाम्या झाल्या, हे तुम्ही एका फोनवर काढू शकत होतात, काढलंत नाही. पेटी एकच होती. काय घ्यायला सांगितलं आईने? तुम्ही सांगा. लेखी सांगा.