एका वितीत

शत्रूच्या बंदुकीला नेम नसतो, हे बंदुकांच्या कारखान्यातलं त्रिकालाबाधित सत्य होतं. फक्त ती कुणी झाडून पाहिली नव्हती. मग आघाडीवर हाती लागलेली एक तपासायला आली. तपासनिसाने ती शिकंज्यात आवळली आणि दोनशे मीटरवरच्या फळीवर दहा गोळ्या झाडल्या. सगळ्या एका वितीत बसल्या.

"म्हणजे आपल्याइतकीच," साहेब खुशीत म्हणाले. "अब्रू राहिली."

घरी ताट वाढताना तपासनिसाला बायकोने विचारलं, "त्यांची बंदूक कशी आहे हो? समोर आपला पोरगा उभा असतो, म्हणून विचारते."

"भंगार. हत्तीलाही लागायची नाही."

"देव पावला," म्हणत तिने आणखी वाढलं.

तो मान खाली घालून जेवला. पोराची छाती रुंदीला दोन विती भरायची.