चाळीस मिनिटं पुढे

माझ्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि माझे रविवार त्यातच जायचे. आठवड्याचे सगळे फोटो क्रमाने लावायचे आणि एकेकाला नाव द्यायचं. ते सांगणार, मी टाइप करणार. पाच वर्षं हे केलं. मग मात्र माझं डोकं फिरलं आणि मी संगणकाला काम सांगणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहायला शिकले. प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची वेळ असते. ती वाचायची, त्याप्रमाणे फोटो लावायचे आणि नावं द्यायची. सहा ओळींचं काम.

सासऱ्यांनी अट घातली. शाळेच्या क्रीडादिनाचे फोटो बघायला मुख्याध्यापिका शनिवारी येणार होत्या. त्यांना पसंत पडले तर रविवार माझा. नाहीतर जन्मभर हातानेच.

मूळ फोटोंची प्रत आधी बाजूला काढून ठेवली, कारण स्क्रिप्ट चुकली की विचारत नाही, धडाधड चुकतच जाते. अकराशे फोटो आठ सेकंदांत लागले. शनिवारी मी फुशारकीने मुख्याध्यापिकाबाईंना खुर्ची दिली.

पहिल्याच शर्यतीत एक मुलगी हसत पदक घेत होती. पुढच्या फोटोत तीच धावायला उभी. रस्सीखेचीत हरलेले आधी चिखलात लोळले, मग कपडे झटकून दोर ओढायला आले. बाईंनी चष्मा पुसला आणि आमच्या शाळेत निकाल आधी लागतो का, असं विचारलं. सासरे छताकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंना चहा देऊन मी तपास केला. सासरे दोन कॅमेऱ्यांनी फोटो काढतात, एक नवा, एक जुना; नव्याचं घड्याळ बरोबर होतं, पण जुन्याचं चाळीस मिनिटं पुढे होतं. बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम लावलेलं. आमच्या घरातली सगळीच घड्याळं पुढे असतात, कुठे उशीर व्हायला नको म्हणून. जुना कॅमेराही त्यातून सुटला नव्हता. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: जुन्या कॅमेऱ्याच्या वेळेतून चाळीस मिनिटं वजा. मुलगी आधी धावली, मग जिंकली. बाईंनी फोटो घेतले.

पुढच्या शनिवारी एका वाढदिवसाचे फोटो लावले, तर सगळ्यांनी आधी केक खाल्ला आणि मग तो कापला. मी तणतणत सासऱ्यांकडे गेले आणि कॅमेऱ्याच्या घड्याळाला काय केलंत म्हणून विचारलं.

ते कॅमेरा पुसत राहिले. "बरोबर लावलं. माझ्यामुळे तुझी फजिती झाली ना, म्हणून."

तीस वर्षांत त्यांनी कोणासाठी घड्याळ हलवलं नव्हतं. मला रागावताही येईना. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं.

चाळीस मिनिटं वजा करणारी ती ओळ आता काढायला हवी होती. मी खुर्ची ओढली, तर त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. कुठली ओळ ते बोट ठेवून दाखव म्हणाले, आणि एका बोटाने एकेक अक्षर पुसत गेले.

"अहो बाबा, मी करते की पटकन."

"मला शिकू दे. उद्या रविवार आहे, तू झोप. अडलंच तर सोमवारी विचारीन."